मुरणे कोणाला परवडते?

जुन्या पद्धतीने वाइन मुरवणाऱ्या एखाद्या छोट्या कौटुंबिक वाइनरीला भेट देऊन आलेल्या माणसाचा लेख वाचायला घ्यावा, आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत ‘येथे काळ जणू थांबला आहे’ हे वाक्य येऊ नये, असे सहसा घडत नाही. तळघरातला अंधार, आजोबांच्या काळातील पिंपे, नातीने पुढे केलेला पेला: सगळा ऐवज ठरलेला. माझा आक्षेप या भाबडेपणाला नाही. आक्षेप आहे तो हे वाक्य खोटे असण्याला. ज्या कुटुंबाचे कौतुक म्हणून ते लिहिले जाते, त्याच्याच कर्तृत्वावर ते बोळा फिरवते.

उदाहरण म्हणून इटलीच्या वायव्येकडील पिएमोन्ते प्रांतातले बारोलो हे गाव घेऊ. या गावाच्या नावाने ओळखली जाणारी लाल वाइन केवळ नेब्बिओलो या द्राक्षापासून होते आणि किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडी पिंपात, मुरल्याखेरीज ती बारोलो म्हणून विकता येत नाही. गावातील बार्तोलो मास्कारेल्लो यांची वाइनरी ‘पारंपरिक’ म्हणून जगभर वाखाणली जाते. जमीन जेमतेम पाच हेक्टर. रस सालींसह दीर्घकाळ सिमेंटच्या टाक्यांत आंबवायचा, मग ओकच्या मोठ्या, जुन्या पिंपांत मुरवायचा, आणि वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो करायची. पाहुण्याला दिसते ते इतके.

पण ही पद्धत टिकली ती कोणी काही केले नाही म्हणून नव्हे. 1980 नंतर शेजारीपाजारी फ्रेंच ओकची 225 लिटरची नवी पिंपे, म्हणजे बॅरिक, येऊ लागली. लवकर पिता येणाऱ्या, लाकडाचा व्हॅनिलासारखा गंध असलेल्या वाइनला अमेरिकी बाजारात मागणी होती, आणि एकेका मळ्याचे नाव लावून बाटली विकली की किंमतही चढी मिळे. मास्कारेल्लो यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. उतारवयात ते चाकाच्या खुर्चीला खिळले आणि बाटल्यांची लेबले हाताने रंगवू लागले. त्यातल्या एका लेबलावर त्यांनी लिहिले: बॅरिक नको, बेर्लुस्कोनी नको. 2005 साली ते वारले. वाइनरी मुलीने, मारिया तेरेझा यांनी, पुढे चालवली. जो माणूस पिंपाचा आकार आणि देशाचा पंतप्रधान एका दमात नाकारतो, त्याच्या तळघरात काळ थांबलेला नसतो. तेथे काळाशी भांडण चाललेले असते.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. वाइन मुरवायची म्हणजे पीक हाती आल्यावर तीन-चार वर्षे त्याचा पैसा हाती न घेता राहायचे. हे कोणाला परवडते? बारोलोला आजचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकात, सरदार-जमीनदारांच्या मळ्यांवर. लांगेच्या याच टेकड्यांवरचा लहान शेतकरी शरद ऋतूत द्राक्षे आल्बाच्या बाजारात नेई आणि दलाल देईल तो भाव घेऊन घरी परते. त्याच्या घरी मुरत असे ते दारिद्र्य. बेप्पे फेनोल्यो यांची 1954 सालची ‘ला मालोरा’ ही कादंबरिका वाचावी: घरच्या गरिबीपायी दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून धाडलेल्या मुलाची ती कथा. चेझारे पावेझे यांच्या ‘ला लूना ए इ फालो’ (1950) मध्ये अनाथ मुलाला घरी आणले जाते ते त्याच्यासोबत मिळणाऱ्या मासिक पैशांसाठी. नूतो रेवेल्ली यांनी कूनेओ जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या तोंडी हकीकती गोळा केल्या आणि 1977 साली त्या पुस्तकाला नाव दिले ‘पराभूतांचे जग’. हे साहित्य न वाचता लांगेची मुरलेली वाइन ‘मातीची परंपरा’ म्हणून पिणाऱ्याला माती कळलेली नाही आणि परंपराही नाही.

म्हणूनच 1983 साली एलिओ आल्तारे या तरुणाने वडिलांची जुनी पिंपे यांत्रिक करवतीने कापून काढली, तेव्हा तो केवळ बाजाराला भुललेला पोरगा नव्हता. त्या पिंपांत त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची हतबलता दिसत होती. वडिलांनी त्याला वारसा नाकारला. मास्कारेल्लोंनी जपलेले पिंप आणि आल्तारेने कापलेले पिंप एकाच प्रकारचे होते. दोघांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. मी मास्कारेल्लोंच्या बाजूचा आहे. पण आल्तारेचा प्रश्न ज्याने ऐकला नाही, त्याला ती बाजू घेण्याचा अधिकार नाही.

कोणी म्हणेल, पेल्यातली चव चांगली असली म्हणजे झाले, हा इतिहास हवा कशाला? चवीपुरते बोलणाऱ्याशी माझा वाद नाही. पण ‘परंपरा’ हा शब्द उच्चारला की चवीचा प्रांत संपतो आणि इतिहासाचा सुरू होतो. आपल्या समीक्षेतही हा शब्द असाच प्रशस्तिपत्रासारखा वाटला जातो. एखाद्या कवितेला ‘परंपरेत मुरलेली’ म्हटले की पुढे काही सिद्ध करायला नको! कवीने परंपरेतले काय घेतले, काय टाकले, कोणत्या प्रलोभनाला नकार दिला, आणि ज्यांना त्या परंपरेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले गेले त्यांचे काय, हे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. एलियटचा परंपरेवरचा 1919 सालचा निबंध आपण वर्षानुवर्षे वर्गात शिकवतो आणि वर्गाबाहेर येताच परंपरेला वडिलोपार्जित जमिनीसारखे वागवतो.

तेव्हा अशा वाइनरीत जरूर जावे. पेला हाती घेऊन पिंप किती जुने, हे विचारायला हरकत नाही. पण ते बदलण्याची संधी केव्हा आली होती, आणि ते न बदलण्याची किंमत कोणी मोजली, हेही विचारावे. कवितासंग्रह हाती घेतल्यावर विचारायचे प्रश्न याहून फारसे वेगळे नाहीत.