मालकी आणि वहिवाट

अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल हे खाजगी मालमत्तेचे मोठे कैवारी होते, असे विद्वान मंडळी सांगतात. मी वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहे. पण वर्गात विचारावे तसे येथेही विचारतो : मालमत्ता कोणाची?

१७९५ साली जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाने सुमारे साडेतीन कोटी एकर जमीन अवघ्या ५ लाख डॉलरांना कंपन्यांच्या घशात घातली. बाजूने मते देणाऱ्या बहुतेक सभासदांचे हात त्या व्यवहारात ओले झाले होते. लोक खवळले, पुढच्याच वर्षी नव्या विधिमंडळाने तो कायदा रद्द केला. १८१० साली मार्शलसाहेबांच्या न्यायालयाने निकाल दिला : विक्री हा करार आहे, आणि राज्याला तो मोडता येत नाही. मागाहून जमीन घेणारे बिचारे निरपराध, हे कारण! मान्य. पण त्याच जमिनीवर पिढ्यान् पिढ्या नांदणारे मूळ रहिवासी अपराधी होते काय?

उत्तर १८२३ साली मिळाले. मूळ रहिवाशांना वहिवाट आहे, मालकी नाही. मालकी 'शोध' लावणाऱ्यांची! म्हणजे लाचेतून जन्मलेला कागद पवित्र, आणि बापजाद्यांची भूमी ही नुसती वहिवाट. जिंकणाऱ्याची मालकी जिंकणाऱ्याच्या न्यायालयाला नाकारता येत नाही, असे मार्शलनी त्या निकालात स्वतःच कबूल केले आहे. प्रामाणिकपणाला मी गुण देईन, उत्तराला नाही.

कोणी म्हणेल, १८३२ साली त्यांनीच चेरोकी लोकांच्या बाजूने कौल दिला. दिला खरा. चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असे ते म्हणाले. पण पुढे काय झाले? १८१९ साली मेरीलँड राज्याने राष्ट्रीय बँकेवर बसवलेला कर याच न्यायालयाने उडवला होता. बँकेसाठी मध्यवर्ती सत्ता राज्याहून वरचढ ठरली. चेरोकींसाठी मात्र तीच सत्ता बंदूक घेऊन आली. १८३८ साली मध्यवर्ती सरकारच्याच फौजेने त्यांना घरांतून हुसकले. त्या हद्दपारीत सुमारे ४ हजार माणसे मेली, असे मानतात.

म्हणून मी म्हणतो, मार्शलसाहेब मालमत्तेचे नव्हे, कागदाचे कैवारी होते. ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्या दाराशी त्यांचा न्याय उशिरा पोचला, आणि पोचला तेव्हा दुबळा ठरला.

लक्ष्मीपूजनाला आपण जमाखर्चाच्या वह्या पूजतो. पण नुसती जमा वाचून कोणी हिशेब पुरा झाला म्हणत नाही. विद्वानांनीही या खात्याची खर्चाची बाजू वाचावी.