पाठीवरचा ब्लोअर घेताना

तळेगाव दाभाडे, चाकण भागातील कारखान्यांत आवार सफाईचे ठेके घेणाऱ्या आमच्या बांधवांना पाला उडविण्यासाठी पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर कोणता घ्यावा, असा प्रश्न पडतो. दुकानात चौकशी होते ती इंजिन किती सीसीचे याची. आमच्या मते आधी विचारावे, हे ओझे दिवसभर वाहणार कोण?

साठ-पासष्ट सीसीचे यंत्र दहा किलोंच्या घरात जाते. पावसाळ्यात फरशीला चिकटलेल्या ओल्या पाल्याला ते लागते. कोरड्या पाल्याला लहान यंत्र पुरते. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. कंपनीने ५० ला १ प्रमाण सांगितले असेल तर लिटरला २० मिली. अंदाजाने ओतून तेल कमी पडले की पिस्टन जाम होतो आणि नफा दुरुस्तीत जातो. म्हणून सुटे भाग जवळ मिळतात ना, हेही पाहावे.

८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास ऐकला तरी कानाला धोका असतो. हे यंत्र त्याहून मोठ्याने गरजते. तेव्हा कानावरच्या संरक्षकाची किंमत यंत्राच्या किमतीतच धरावी. ठेका वर्षाचा असतो, मजुराचा कान जन्माचा.