शिकारी पक्ष्यांची गणना : रिकामपणाचा उद्योग काय?

पावसाळा सरून आश्विनातील निरभ्र आकाश दिसू लागले, की उत्तरेकडील थंड प्रदेशांतून अनेक शिकारी पक्षी हिवाळा काढण्यासाठी आपल्या देशात येतात. त्यांत गरुड असतात, ससाणे असतात. आणि शेतांवरून व माळांवरून अगदी खालून संथपणे तरंगत जाणारा भोवत्या हा पक्षीही असतो. दरवर्षी या पाहुण्यांची गणना विद्यार्थ्यांनी करावी, असे आम्ही सुचविले, की काही पालक विचारतात : यातून काय साधणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एक डोंगर आहे. शरद ऋतूत त्यावरून जाणारे शिकारी पक्षी लोक केवळ मौजेखातर बंदुकीने पाडीत असत. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती जागा मिळवून शिकार बंद केली, आणि मॉरिस ब्रून यांनी तेथे पक्षी मोजण्यास आरंभ केला. पुढे त्याच नोंदींत गरुडांची पिले फार थोडी दिसू लागली. १९६२ साली रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांचे दुष्परिणाम जगापुढे मांडले, तेव्हा हे आकडे त्यांच्या कामी आले. आणि १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. प्रारंभी आकडे लिहिणाऱ्यास या उपयोगाची कल्पनाही नव्हती!

आपल्या देशातील गिधाडे काही अशी दूरदेशची प्रवासी नव्हेत. परंतु त्यांची कथाही हेच सांगते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडे मोजली होती, म्हणूनच ती झपाट्याने नाहीशी होत असल्याचे ध्यानी आले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा नव्याण्णवांहून अधिक घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यास कारण ठरले, आणि २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. मोजणी उशिरा झाली असती, तर बंदीही उशिराच आली असती.

आता आपल्या इच्छापोरकडे वळू. खंभातच्या आखातापलीकडे भावनगर जिल्ह्यात वेळावदरचे उद्यान आहे. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतूनही येणारे भोवत्या पक्षी तेथे सायंकाळी शेकड्यांनी गवतात मुक्कामास उतरतात, आणि अभ्यासक त्याच वेळी त्यांची गणना करतात. हे पक्षी टोळ व नाकतोडे खातात, म्हणजे शेतकऱ्याचे कामच करतात. तेथील त्यांची संख्या घटल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. वेळावदरचा हिशेब आहे. आपल्या गावाचा कोठे आहे? हजिऱ्याच्या बाजूस कारखाने उभे राहिले, रस्ते रुंदावले, शेते आक्रसली. या बदलात आकाशातून काय वजा झाले, हे उद्या कोणी विचारले, तर आपणापाशी केवळ वडीलधाऱ्यांच्या आठवणी असतील. आठवण आदरणीय खरी, पण ती आकडा नव्हे.

या कामास मोठा खर्च लागत नाही. एक वही, एक घड्याळ आणि शाळेची गच्ची पुरे. दुर्बीण मिळाल्यास उत्तमच. आठवड्यातील ठरलेला वार, ठरलेला तास आणि ठरलेली जागा मात्र बदलू नये. अन्यथा एका वर्षाचा आकडा दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता येणार नाही. पक्षी ओळखता आला नाही, तर ‘अनोळखी’ असे लिहावे. शेजाऱ्याच्या वहीत डोकावून नाव घालू नये. आणि तासभर थांबूनही एकही पक्षी दिसला नाही, तर निःसंकोचपणे शून्य लिहावे. वही भरलेली दिसावी म्हणून घातलेला एक खोटा गरुड साऱ्या वर्षाचे श्रम वाया घालवतो.

परीक्षेत या शून्यास गुण मिळणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि कोणी तपासणारा नसतानाही खरे तेच लिहिण्याची सवय जर शाळेने लावली नाही, तर ती कोण लावणार? विद्यार्थिमित्रहो, येत्या आश्विनात पहिली वही तुम्ही सुरू करा. पुढील वर्गांनी ती खंड न पडू देता चालवावी, एवढेच आमचे मागणे आहे.