विहार, वसतिगृह आणि वऱ्हाडातील निराधार मूल

अनाथ, एकल पालकाच्या अथवा अतिदरिद्री घरातील मुलांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी बौद्ध समाजाने संघटितपणे घ्यावी काय, हा प्रश्न वऱ्हाडात केवळ सदिच्छेचा राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे १३ टक्के, तर अकोला जिल्ह्यात सुमारे १८ टक्के बौद्ध असून त्यांतील मोठा वर्ग भूमिहीन मजुरांचा आहे. शेतकरी आत्महत्येनंतरचे सरकारी साहाय्य कुटुंबाच्या नावावरील जमिनीशी जोडलेले असल्यामुळे, त्याच शिवारात राबणारा मजूर गेला तर त्याचे मूल मदतीच्या यादीत येतच नाही. आई रोजंदारीवर किंवा वीटभट्टीवर जाते, मूल तिच्यामागे फरफटते आणि पटावर नाव असूनही शाळा सुटते. अशा मुलांसाठी विहाराच्या आधाराने वसतिगृह काढण्याचा विचार पुढे आला की त्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील काही अज्ञानमूलक, तर एक खरोखर वजनदार आहे.

पहिला आक्षेप असा की धर्मसंस्थेने चालविलेल्या बालगृहात मुलाच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याच्यावर धर्म लादला जातो. ही भीती निराधार नाही. परंतु बौद्ध परंपरेने ती सर्वांत आधी ओळखली होती, हे आक्षेपकांना ठाऊक नसते. विनयपिटक म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांचा संग्रह. त्यातील महावग्ग या भागात बुद्धपुत्र राहुलाच्या प्रव्रज्येची, म्हणजे संघप्रवेशाची, कथा येते. नातवाला परस्पर संघात घेतल्यामुळे व्यथित झालेल्या शुद्धोदनाने गाऱ्हाणे मांडले, तेव्हा आईवडिलांच्या अनुमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम बुद्धांनी घातला. त्याच भागात पंधरा वर्षांखालील मुलांना संघात घेण्यासही मनाई झाल्याचे सांगितले आहे. त्या मनाईनंतर भिक्षू आनंदाच्या उपस्थायक कुटुंबातील, म्हणजे त्याची सेवा करणाऱ्या घरातील, सर्व मंडळी साथीत दगावून दोन मुलगेच उरले आणि त्यांचे काय करावे, हा पेच उभा राहिला. तेव्हा जो मुलगा कावळे हाकलण्याइतका जाणता झाला असेल त्याला श्रामणेर, म्हणजे शिकाऊ, म्हणून घेण्याची मुभा देण्यात आली. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन पाखरे राखणारे पोर ज्यांनी पाहिले आहे त्या वऱ्हाडी वाचकाला या वयाची कल्पना निराळी सांगायला नको. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की नियम सैल झाला तो संघाची संख्या वाढविण्यासाठी झाला नसून दोन अनाथांना वाऱ्यावर सोडायचे नाही म्हणून झाला. आजच्या बालकाला चीवर, म्हणजे भिक्षुवस्त्र, देण्याचीही गरज नाही. त्याला हवे आहे अंथरूण, दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाचा दिवा. शिवाय सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञानाच्या, म्हणजे कायद्याने सज्ञान नसलेल्याच्या, पालकाची संमती असल्याशिवाय त्याला धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये स्पष्ट आहे. अनुदान न घेणाऱ्या वसतिगृहानेही तोच दंडक स्वतःला लावून घेणे बौद्ध विनयाला धरूनच होईल.

दुसरा आक्षेप, सरकारची वसतिगृहे व योजना असताना समाजाने हा व्याप का करावा, हा. दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि तिचा लाभ खरा आहे. मात्र दुसरी-तिसरीत शाळा सुटलेले मूल दहावीपर्यंत पोहोचणार कसे, याचे उत्तर त्या योजनेत नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँक खाते ही सारी कागदपत्रे जमवायला तहसीलच्या चकरा मारणारे मोठे माणूस लागते, आणि नेमके तेच या मुलांच्या घरी नसते.

तिसरा आक्षेप समाजाच्या आतून येतो: वसतिगृह ही दयेची भीक आहे, आंबेडकरी चळवळीचे काम हक्कासाठी लढण्याचे आहे. चळवळीचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने दुसऱ्याच वर्षी सोलापूरला वसतिगृह काढले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर, १९२७ चा. म्हणजे लढ्याची माणसे तयार होण्याआधी त्यांच्या निवासाची सोय पाहिली गेली. ज्या गाडगेबाबांचे २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात देहावसान झाले, त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली होती. बाबा बौद्ध नव्हते. पण यात्रेकरूंसाठी उभारलेली वास्तू शिक्षणसंस्थेच्या हाती देण्यात त्यांना धर्महानी दिसली नाही. एकामागून एक विहारांवर संगमरवर चढविणाऱ्या समित्यांनी या उदाहरणाकडे निदान एकदा पाहावे.

यापेक्षा गंभीर म्हणणे असे आहे की एकाच समाजाचे वसतिगृह जातीचे बेट निर्माण करते. अमरावतीतच पंजाबराव देशमुखांनी १९२०च्या दशकात श्रद्धानंद छात्रालयात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, तोच आदर्श असावा. आदर्श म्हणून हे मान्य करण्यास अडचण नाही. पण बेट वसतिगृहाने तयार केलेले नाही. वऱ्हाडातील बहुतेक गावांत बौद्धवस्ती गावठाणापासून आधीच वेगळी आहे आणि गावाबाहेरच्या वसतिगृहातून सार्वजनिक शाळेत जाणारे मूल उलट त्या वेगळेपणातून बाहेर पडते. त्यासाठी एक अट मात्र पाळावी लागेल: व्यवस्थापन बौद्ध असले तरी प्रवेश बौद्धांपुरता नसावा. उदाहरणार्थ, वर उल्लेखिलेले वलगाव हे अमरावतीहून परतवाड्याकडे व पुढे मेळघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव आहे. त्या वाटेने येणारे कोरकू मूल किंवा पालावरचे पारधी मूल जात विचारून परत पाठविणाऱ्या संस्थेला बहुजनहित हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही.

परकीय पैशाविषयीचा आक्षेप थोडक्यात निकालात निघतो. १९७९ पासून त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या संघटनेने महाराष्ट्रात जे काम उभे केले त्याला ब्रिटनमधील करुणा ट्रस्टचे बळ मिळाले, हे उघड आहे आणि त्यात लपविण्यासारखे काही नाही. मात्र विदेशी अंशदानाच्या कायद्यातील २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेले विदेशी अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेच्या छायेत चालणाऱ्या लहान वसतिगृहांनी यापुढे गावच्या वर्गणीवर उभे राहण्याची तयारी ठेवणे भाग आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप बालहक्काच्या अभ्यासकांचा आहे. संस्थेत ठेवलेल्या अनेक मुलांचा एक तरी पालक हयात असतो; गरिबीमुळे मूल घरापासून तोडणे हा उपाय की दुसरा आघात, असे ते विचारतात. बालन्याय अधिनियम २०१५ ने संस्थात्मक निवास हा शेवटचा पर्याय मानला आहे, आणि महाराष्ट्रातील बालसंगोपन योजना मूल घरात किंवा नातेवाइकांकडे राहावे म्हणूनच दरमहा रक्कम देते. या आक्षेपाचे खंडन करता येत नाही, करूही नये. ज्या आईला मूल सांभाळायचे आहे तिच्या मुलासाठी बालगृहाची खाट राखणे हा अन्याय आहे. विहार समितीने तिचा बालसंगोपनाचा अर्ज भरून द्यावा, संध्याकाळची अभ्यासिका चालवावी, हंगामापुरते वसतिगृह द्यावे आणि काम संपताच मूल तिच्या हाती परत करावे. वसतिगृह व बालगृह यांतील भेद येथेच आहे: वसतिगृहात मूल पालकाच्या इच्छेने शिक्षणासाठी राहते, तर बालगृहात काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक बालकल्याण समितीच्या, म्हणजे जिल्हास्तरीय वैधानिक मंडळाच्या, आदेशाने ठेवले जाते. ज्याला खरोखर कोणीच नाही असे मूल सापडल्यास चोवीस तासांत त्या समितीपुढे हजर करणे बंधनकारक असून, कलम ४१ प्रमाणे नोंदणी नसलेली बालसंस्था चालविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. सद्हेतू हा या बाबतीत बचाव ठरत नाही, आणि ठरूही नये. तेव्हा ज्या विहार समितीला ही नोंदणी, महिला अधीक्षक आणि जमाखर्चाची तपासणी झेपत नसेल, तिने अनाथ बालकाला मुक्कामाला ठेवू नये, त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे आणि जमलेली वर्गणी नोंदणीकृत संस्थेकडे पाठवावी.