समतोलाचा हंडा कुणाच्या डोक्यावर?

आठ मार्च जवळ आला की कंपन्या, बँका, महिला मंडळे यांच्याकडून आम्हा समाजकार्य शिकलेल्या बायांना बोलावणी येऊ लागतात. विषय बहुधा ठरलेला असतो : ‘नोकरी आणि संसार – समतोल कसा साधाल?’ पहाटे लवकर उठा, भाज्या आदल्या रात्री निवडून ठेवा, कामांची यादी करा, चिडचिड करू नका, स्वतःसाठी अर्धा तास काढा. समोर बसलेल्या सगळ्या बायाच. हाच विषय पुरुषांसमोर मांडा, असे बोलावणे मला आजवर एकदाही आलेले नाही. तोल कुणामुळे ढळला हे कुणी विचारत नाही. सावरायचा मात्र बाईने, हे गृहीत धरलेले असते.

मैत्रिणींनो, मला या ‘समतोल’ शब्दाचाच राग येऊ लागला आहे. का, ते मी जिथे काम करते त्या मुकुंदवाडीच्या उदाहरणावरून सांगते.

मुकुंदवाडी ही औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडची कष्टकऱ्यांची वस्ती. एका बाजूला सिडको, पुढे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत. इथल्या बाया कंपनीत पॅकिंगला जातात, साफसफाईला जातात, सिडकोतल्या घरांत धुणीभांडी करतात. जुलै २०१९ मध्ये ही वस्ती जगभरच्या बातम्यांत आली. इथली नऊ-दहा वर्षांची मुले रिकामी भांडी घेऊन मुकुंदवाडी स्टेशनवर गाडीत चढत, औरंगाबाद स्टेशनवर पाणी भरत आणि परत येत. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर, पाण्यासाठी.

लोक हळहळले. दुष्काळावर, जायकवाडीवर चर्चा झाली. डिसेंबर २०२० मध्ये शहरासाठी १६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजनही झाले. पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. ही मुले कुणाचे काम करत होती? ज्या वस्तीत आई-बाप दोघे रोजगाराला जातात आणि पाण्याला ना दिवस ना वेळ, तिथे ते आणण्याचे काम कुणाकडे जाते? कामाचा तास आणि पाण्याचा तास यांचा मेळ महानगरपालिकेने घातला नाही, मालकाने घातला नाही. तो पोरांनी घातला. मुकुंदवाडीतला ‘समतोल’ हा असा होता.

पाण्याची वाट बघत असलेली एक बाई मला म्हणाली, “ताई, कामावर गेलं तर पाणी जातं, पाण्याला थांबलं तर हजेरी जाते. मग पोरीलाच ठेवते घरी.” म्हणजे एका बाजूला आईची हजेरी आणि दुसऱ्या बाजूला पोरीची शाळा. आईचा खाडा वाचतो तेव्हा पोरीचा पडतो. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असले तरी तीच घरी राहते. सातवी-आठवीत तिची शाळा सुटली की आपण म्हणतो, पालकांना शिक्षणाचे महत्त्व नाही. आईच्या कंपनीत पाळणाघर होते का, घरी नळ होता का, हे आपण विचारत नाही.

आता जरा हिशेब मांडू. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते. घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटे. मुले, म्हातारे, आजारी यांची देखभाल यात धरलेलीच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. कामगाराची लेखी संमती हवी, अशी त्यात अट आहे. बारा तास काम, एक तास जाण्यायेण्याचा, त्यात २८९ मिनिटे मिळवा. उरतात जेमतेम सहा तास. झोप, आंघोळ, जेवण, पोराचा अभ्यास सगळे त्यात. आणि संमती म्हणाल, तर ठेकेदाराकडे रोजावर असलेली बाई ‘नाही’ कुणाच्या जिवावर म्हणणार? उद्या गेटवर तिचे नाव पुकारले जाणार नाही, एवढेच.

वर उद्योगपतींचा उपदेश आहेच. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आकडा नव्वदवर नेला आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असे विचारले. घरी बायको काय करत असते, हे त्यांनी विचारले नाही. सत्तर तास काम करणाऱ्याचा डबा, कपडे, मुले, आईबाप कुणीतरी बिनपगारी सांभाळत असते, म्हणून ते सत्तर तास निघतात. हे उपदेश त्या फुकटच्या श्रमांवर उभे आहेत.

कायदाही याच डोळ्यांनी पाहतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा आली, ती चांगलीच गोष्ट. पण ती कुणाला? महिला कर्मचाऱ्याला, आणि पुरुषाला केव्हा, तर पत्नी नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तेव्हा. बायको धडधाकट असेपर्यंत बापाचे मुलाशी काम नाही, हे सरकारने लेखी दिले आहे! पाळणाघराचेही तसेच. जुन्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया असतील तरच पाळणाघर सक्तीचे होते. जणू मूल फक्त कामगार बाईला असते. २०१७च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुष मिळून पन्नास कर्मचारी ही अट आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ही सुधारणा खरी. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा अजून आईलाच. बापाची एकही फेरी कायद्याला सुचलेली नाही.

सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खाजगी विधेयक मांडले. २०२५ मध्ये पुन्हा मांडले. मी त्याच्या बाजूने आहे. माझी नोकरीही अकरा महिन्यांच्या करारावरची आहे आणि ‘ताई, उद्या सकाळी अहवाल हवा’ हा फोन रात्री दहाला येतो. पण मुकुंदवाडीतल्या बाईला फोन बंद करून काय मिळणार? तिचे दुसरे काम फोनवर येत नाही. ते चुलीपाशी, नळापाशी, पाळण्यापाशी तिची वाट बघत असते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे : समतोल ही बाईने अंगी बाणवायची कला नव्हे. तो पाणी, पाळणाघर, कामाचे तास आणि पुरुषाचे हात यांचा प्रश्न आहे, म्हणजे राजकारणाचा प्रश्न आहे. आपल्याला हे नवे नाही. मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, ते गोरेगावच्या नळांसाठी त्या लढल्या म्हणून. १९७२ मध्ये महागाईविरोधात बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा काटकसर कशी करावी यावर त्यांनी व्याख्याने ठेवली नव्हती.

तेव्हा या आठ मार्चला आपण चार मागण्या घेऊन जाऊ. कामगार वस्त्यांत पाण्याची वेळ ठरवा, ती पाळा आणि पाळीच्या वेळा पाहून ठरवा. ठेकेदाराची माणसेही मोजून प्रत्येक औद्योगिक वसाहतीत सामाईक पाळणाघर काढा. बारा तासांचा दिवस मागे घ्या. आणि बालसंगोपनाची रजा बापालाही द्या, बायको जिवंत असतानाच द्या.

घरातल्या पुरुषांशी मात्र निवेदनाची भाषा नको. नळाला पाणी आले की हंडा त्यांच्या हातात द्या. पोरीला शाळेत जाऊ द्या.