डोळ्यांची पत्रिका

आपल्याकडे लग्न ठरवताना छत्तीस गुणांचा हिशेब मांडतात. वैद्यकशास्त्रातही अशीच एक पत्रिका असते, हे कळल्यावर माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला मोठी मौज वाटली. ही ऊतींची पत्रिका! (तिच्यात जातीचा रकाना नाही, हे एक बरे.) फ्रान्सच्या ज्यां दोसे यांनी १९५८ साली पांढऱ्या पेशींवर तिची पहिली खूण ओळखली, १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंड बसवायचे तर ती पाहतातच. पण मृताच्या डोळ्यातील पारपटल दुसऱ्याला बसवताना ती पाहावी काय?

पारपटल म्हणजे बुबुळावरची काचेसारखी चकती. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे शरीराच्या रक्षक पेशींना हा परका पाहुणा सहसा दिसतच नाही. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली पहिले यशस्वी रोपण केले ते कोणतीही पत्रिका न पाहता! मात्र जखमेमुळे ज्यांच्या पारपटलात रक्तवाहिन्या शिरल्या, किंवा ज्यांचे आधीचे रोपण वाया गेले, त्यांचे शरीर परक्याला बरोबर ओळखते. खरा प्रश्न यांचाच आहे.

आणि इथेच विद्वानांत एकमत नाही. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात १९९२ साली जुळणीचा लाभ दिसला नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्गाच्या खुणा जुळल्या तर शरीराचा नकार कमी होतो असे आढळले, आणि ‘डीआर’ नावाच्या खुणा जुळल्या तर उलटेच! म्हणून तिथे १९९८ पासून डीएनएवरून पत्रिका काढून पुन्हा अभ्यास केला. अकराशेहून अधिक रोपणे तपासल्यावर उत्तर आले: डीआर जुळवून फायदा नाही.

तिथे पारपटल पोषक द्रवात सुमारे चार आठवडे टिकवतात, म्हणून जुळणीसाठी थांबता येते. आपल्याकडे रूढ असलेल्या मॅकॅरी-कॉफमन द्रवात ते चार दिवस टिकते. अशा घाईत सर्वांसाठी पत्रिका मागणे म्हणजे, मला वाटते, मुहूर्त शोधता शोधता वऱ्हाड उपाशी ठेवणे होय. साध्या रुग्णाला मिळेल ते पारपटल लगेच द्यावे.

पण ज्याचे दुसरे रोपणही वाया गेले, त्याला ‘नशीब तुझे’ म्हणून घरी पाठवू नये. पहिल्या वर्गाच्या जुळणीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. निदान दोन-चार नेत्रपेढ्यांनी तरी पारपटल अधिक दिवस टिकवण्याची आणि पत्रिका काढण्याची सोय त्याच्यासाठी करावी.