पत्ते उघडे ठेवा

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. पोकर खेळणाऱ्यांना उरलं ते समोरासमोरचं टेबल, आणि आपल्याकडून ती वाट बहुधा पणजीला, मांडवीतल्या कॅसिनो-बोटींकडे जाते.

पोकरमध्ये लढत खेळाडूंची आपापसात असते. कॅसिनो पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, आपला ठरावीक हिस्सा (रेक) कापून घेतो. कोण जिंकलं, याने त्याला फरक पडत नाही. म्हणून खरा धोका शेजारच्या खुर्चीतून येतो. दोन मित्र संगनमताने बसले, तर तिसऱ्याचं कौशल्य वाया जातं. स्पर्धांमधला एक नियम यासाठीच मोलाचा आहे: कुणी सगळ्या चिप्स लावल्या आणि पुढे बोली उरली नाही, की उरलेल्या सगळ्यांनी पत्ते उघडे करायचे. मित्राला गुपचूप चिप्स सोडण्याची सोय त्याने बंद होते. पत्ते टाकून दिलेल्यानेही तो डाव संपेपर्यंत त्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. घरगुती डावात हे नियम ‘आपलीच माणसं’ म्हणून सैल होतात, आणि नवखा तिथेच नागवला जातो.

पत्ते वाटणाऱ्या डीलरबद्दलही बोलायला हवं. 2020 पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, पण तिथे नोकरी करणाऱ्यांत गोव्याची कितीतरी मुलं आहेत. हरल्यावर डीलरच्या अंगावर पत्ते भिरकावणाऱ्याला त्याच क्षणी उठवलं पाहिजे, मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

वाचकहो, पुढच्या वेळी शेजारी नवखा बसला, तर त्याला नियम आधी सांगा.